जॅक हेरर: एका 'सॅटिव्हा' गांजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घरी आलेले पाहुणे तीन गोष्टी हमखास विचारतात. ट्यूलिप कधी फुलतात, चीज कुठून घ्यायचं, आणि काकू आतल्या खोलीत गेल्या की आवाज खाली आणून, "ती गांजा विकणाऱ्या कॉफी शॉपची काय भानगड आहे रे?" मी इथे औषधांच्या दुकानात काम करतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा गांजाही आमच्याच काउंटरवरून जातो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे पोटप्रश्न माझ्या वाट्याला भरपूर येतात. ती उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवतोय. सगळ्या वाणांवर बोलत बसलो तर पुराण होईल, म्हणून एकच वाण धरलं आहे. भारतात गांजा जवळ बाळगणं गुन्हा आहे, हे आधीच सांगतो. त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

जॅक हेरर हे माणसाचं नाव की गांजाचं?

दोन्ही. माणूस अमेरिकन, जन्म १९३९चा. तरुणपणी सैन्यात होता आणि गांजा ओढणाऱ्यांवर चिडणाऱ्यांपैकी होता. पुढे उलटा फिरला आणि उरलेलं आयुष्य भांगेच्या झाडाची वकिली करण्यात घालवलं: कागद, कापड, तेल, औषध, सगळ्यासाठी. १९८५ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, १९८८ आणि १९९२ मध्ये एका छोट्या पक्षातर्फे अमेरिकेच्या अध्यक्षपदालाही उभा राहिला. २००९ मध्ये पोर्टलंडला भाषण करून मंचावरून उतरल्यावर त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि एप्रिल २०१० मध्ये तो गेला.

वाण नेदरलँड्समधलं. 'सेन्सी सीड्स' या बियाण्यांच्या कंपनीने नव्वदच्या दशकात ते तयार केलं आणि त्याला या माणसाचं नाव दिलं. १९९४ च्या आमस्टरडॅममधल्या 'कॅनबिस कप' स्पर्धेत ते जिंकलं आणि तिथून त्याचा बोलबाला झाला. आज कॅलिफोर्नियापासून बार्सिलोनापर्यंत या नावाखाली जे विकलं जातं ते सगळं त्याच झाडाचं वंशज असेल असं मात्र समजू नका. नाव कुणीही लावतं.

याला सॅटिव्हा कशावरून म्हणतात?

घराण्यावरून आणि झाडाच्या ठेवणीवरून. याच्या एका बाजूला 'हेझ' आहे. हे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात तयार झालेलं वाण. त्यात कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारत इथल्या झाडांचं रक्त असल्याचं सांगितलं जातं. दुसऱ्या बाजूला 'नॉर्दर्न लाइट्स' आणि 'शिवा स्कंक' यांचा संकर, म्हणजे अफगाणी बाजू. कंपनीने पूर्ण कुंडली कधी उघड केली नाही, पण एवढ्यावर बहुतेकांचं एकमत आहे.

उष्ण प्रदेशातली झाडं उंच, सडपातळ, लांब अरुंद पानांची आणि उशिरा फुलणारी असतात. हिंदुकुशातली बुटकी, गच्च, रुंद पानांची आणि लवकर तयार होणारी. बाजारात पहिलीला सॅटिव्हा म्हणतात, दुसरीला इंडिका. जॅक हेररमध्ये पहिलीची उंची आणि वास आहे; राळेचं प्रमाण आणि लवकर फुलणं दुसरीकडून आलंय. 'अमुक टक्के सॅटिव्हा' असे जे आकडे पाकिटावर दिसतात ते मोजून काढलेले नसतात. बियाणं विकणाऱ्याने घराण्याकडे पाहून मांडलेला तो अंदाज असतो. एकाच पाकिटातल्या चार बियांची चार झाडं वेगवेगळी निघतात.

सॅटिव्हाने तरतरी येते आणि इंडिकाने झोप, हे तर खरं ना?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक हिरमुसतात. नाही, तसं सरळ नाही.

आधी इतिहास. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये युरोपातल्या भांगेच्या झाडाला 'कॅनबिस सॅटिव्हा' म्हटलं. ते तागासारखं, दोरखंडासाठी लावलं जाणारं झाड. लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून 'कॅनबिस इंडिका' ही वेगळी जात मांडली, कारण हिचे दांडे कडक, पानं अरुंद, आणि नशा येते. म्हणजे लामार्कची इंडिका हे आपल्याकडचं उंच, अरुंद पानांचं झाड, ज्याला आजचा दुकानदार सॅटिव्हा म्हणेल! अफगाणिस्तानातल्या बुटक्या झाडांना इंडिका म्हणण्याचा प्रघात १९७० च्या दशकात पडला, तोही मुख्यतः वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्टिस यांच्या कामानंतर. त्याच दशकात, १९७६ मध्ये, स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी सगळं मिळून ही एकच जात आहे असं म्हटलं.

आता रसायन. २०२१ मध्ये 'नेचर प्लांट्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. नेदरलँड्समधल्या जवळपास ३०० नमुन्यांचं रसायन त्यात तपासलं होतं आणि त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांची जनुकंही. 'सॅटिव्हा' आणि 'इंडिका' अशा चिठ्ठ्या लावलेल्या झाडांमध्ये एकूण जनुकीय फरक म्हणावा तसा सापडला नाही. फरक दिसला तो मोजक्या वासांच्या द्रव्यांत. इंडिका म्हणून विकलेल्यात मायर्सीन जास्त, म्हणजे मातकट वास. थोडक्यात, पिकवणाऱ्याला मातकट वास आला की तो इंडिका म्हणतो आणि गोडसर, सुगंधी वास आला की सॅटिव्हा. चिठ्ठी नाकाने लावलेली असते.

मग लोक जॅक हेररबद्दल जे सांगतात, 'डोकं साफ होतं, गप्पा रंगतात', तो सगळा मनाचा खेळ?

सगळा नाही. पण बराचसा, असं मला वाटतं. तुम्हाला आधी सांगितलं की हे घेऊन माणूस बोलका होतो, तर अर्धं काम तिथेच झालं. सकाळी मित्रांबरोबर कालव्याकाठी घेतलेला आणि रात्री एकट्याने सोफ्यावर घेतलेला गांजा एकाच डबीतला असला तरी अनुभव निराळा येतो.

उरलेल्यात खरं रसायन आहे. नशेचं मुख्य कारण टीएचसी, आणि ते सगळ्या वाणांत तेच असतं. ते किती आहे, किती आत गेलं आणि किती वेगाने गेलं यावर निम्म्याहून अधिक ठरतं. जॅक हेररमध्ये सीबीडी, म्हणजे गांजातलंच पण नशा न आणणारं द्रव्य, जवळजवळ नसतं, त्यामुळे जे जाणवतं ते जवळपास निव्वळ टीएचसी.

टर्पिनं, म्हणजे वासाची द्रव्यं, अनुभवाला वळण देतात असं खूप बोललं जातं आणि पुरावा त्या मानाने तुटपुंजा आहे. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २० जणांना टीएचसीची वाफ दिली, कधी नुसती, कधी लिमोनिनसोबत. लिमोनिन हा लिंबाच्या सालीतला घटक. ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनिन घेतल्यावर घाबरटपणा कमी झाला. चांगली गोष्ट. पण एका जॉइंटमध्ये, म्हणजे गांजाच्या विडीत, लिमोनिन सहसा त्याच्या आसपासही नसतं. म्हणून 'टर्पीन प्रोफाइल' छापून दुप्पट भाव लावणाऱ्यांपासून सावध राहा.

दिसायला आणि वासाला कसा असतो?

फूल फिकट हिरवं, लांबट, त्यात नारिंगी-तपकिरी केसर. प्रकाशात धरलं तर पाकळीपाकळीवर राळेचे दाणे चमकतात, खडीसाखर कुटून भुरभुरावी तसे. बोटांत चुरगाळलं की हात चिकट होतो आणि वास साबण लावूनही लवकर जात नाही.

वास हीच याची ओळख. पहिल्यांदा पाइनच्या ओल्या लाकडाचा, मग लिंबाच्या सालीचा, आणि मागून मिरपुडीचा ठसका. पाइन आणि ताजेपणा येतो तो टर्पिनोलिन आणि पायनीनमुळे. टर्पिनोलिन बाकीच्या गांजात क्वचितच वरचढ असतं आणि या घराण्यात असतं, त्यामुळे जाणकार डोळे मिटून 'हे जॅककडचं' असं म्हणू शकतो. मिरपुडीचा भाग कॅरिओफिलिनचा. काळी मिरी आणि लवंगेत तेच असतं.

गवताचा किंवा अमोनियाचा वास आला, तर माल नीट वाळवलेला नाही. बुरशीचा कुबट वास आला तर हात लावू नये. फुफ्फुसाचा आजार असणाऱ्याला ती बुरशी गांजापेक्षा महागात पडते.

घेतल्यावर नेमकं काय होतं?

ओढला तर दोन-चार मिनिटांत सुरुवात. आधी डोळ्यांमागे आणि कपाळावर हलका दाब, मग हृदयाचे ठोके वाढतात. टीएचसीमुळे ठोके २० ते ५० टक्क्यांनी वाढू शकतात, हा जाहिरातीतला 'एनर्जेटिक' अनुभव बऱ्याच अंशी इथूनच येतो. डोळे लाल, तोंड कोरडं. साधारण १० ते ३० मिनिटांत शिखर.

या टप्प्यावर गाणं नीट ऐकू आल्यासारखं वाटतं, साध्या गोष्टीवर हसू येतं, एका विचारातून दुसरा फुटतो. वेळ ताणली जाते: दहा मिनिटं झाली असतील म्हणून घड्याळ पाहावं तर तीनच झालेली. आणि सुरू केलेलं वाक्य कुठे चाललं होतं ते मधेच हरवतं. मेंदूत टीएचसी ज्या सीबी१ ग्राहकांना (म्हणजे पेशींवरच्या, अशी द्रव्यं पकडणाऱ्या जागांना) जाऊन चिकटतं, ते स्मरणाचं काम करणाऱ्या भागात, हालचालींच्या भागात आणि भीतीच्या भागातही दाट आहेत; म्हणून हे तिन्ही हलतात. श्वासावर ताबा ठेवणाऱ्या भागात ते विरळ आहेत. अफूसारखा श्वास बंद पडून मृत्यू गांजाने होत नाही, त्याचं कारण हेच.

आपल्या शरीरातलंच एक द्रव्य त्याच ग्राहकांना चिकटतं. ते १९९२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मेशुलम यांच्या जेरुसलेममधल्या प्रयोगशाळेत सापडलं आणि त्याला नाव मिळालं 'आनंदामाइड', संस्कृतातल्या 'आनंदा'वरून.

दोन-तीन तासांत उतरतं. उतरताना भूक आणि सुस्ती. ज्याला दिवसभर ताजंतवानं ठेवणारं वाण म्हणतात, त्यावर चौथ्या तासाला बहुतेक लोक जांभया देतात.

आणि खाल्लं तर? केक, कुकी, भांग?

पूर्ण वेगळा मामला. खाल्लेलं टीएचसी आतड्यातून आधी यकृतात जातं, तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, आणि ते मेंदूवर अधिक जोरात काम करतं. सुरू व्हायला अर्धा ते दोन तास, टिकतं सहा-आठ तास किंवा जास्त. इथे येणाऱ्या पर्यटकांचे बहुतेक हाल स्पेस केकने होतात: तासाभरात काही झालं नाही म्हणून दुसरा खाल्ला, मग दोन्ही एकदम अंगावर आले. होळीला ज्याने भांगेचा दुसरा पेला 'अजून चढली नाही' म्हणून घेतला असेल त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. केकमध्ये कुठलं वाण घातलं होतं याने काही फरक पडत नाही, भट्टीत वासाची द्रव्यं बहुतेक उडून गेलेली असतात.

डबीवर '२२ टक्के' लिहिलं आहे. म्हणजे किती?

हिशेब करू. आमच्या दुकानात 'बेड्रोकॅन' नावाने पाच ग्रॅमची डबी मिळते. जॅक हेररचंच घराणं, टीएचसी २२ टक्के, सीबीडी एक टक्क्याहून कमी. एका ग्रॅममध्ये २२० मिलिग्रॅम टीएचसी. पाव ग्रॅमचा जॉइंट केला तर ५५ मिलिग्रॅम. ओढताना बरंच जळून, उडून जातं. रक्तात पोचतं ते साधारण १० ते ३५ टक्के, म्हणजे ५ ते २० मिलिग्रॅम. संशोधनात मोजमापाचं प्रमाण एकक ५ मिलिग्रॅम धरतात. एका लहानशा जॉइंटमध्ये एक ते चार एककं जातात, आणि नवख्याने किती खोल ओढलं त्यावर एक की चार ते ठरतं.

अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातलं टीएचसी १९९५ मध्ये सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२० च्या सुमाराला १५ च्या जवळ गेलं. "आम्ही कॉलेजात असताना ओढायचो, काही व्हायचं नाही" असं सांगणाऱ्या काकांसाठी ही माहिती.

आणि लेबलवरचे आकडे: औषधाच्या डबीवरचा विश्वास ठेवण्याजोगा, कारण प्रत्येक खेप तपासली जाते. आमस्टरडॅमच्या कॉफी शॉपमधल्या फळ्यावरचा नाही. इथे पुढच्या दाराने विक्री चालू देतात, पण मागच्या दाराने येणारा माल बेकायदाच असतो, मग तपासणार कोण? सरकारमान्य पिकवणाऱ्यांकडून माल घेण्याचा प्रयोग ब्रेडा, टिलबर्ग वगैरे ठरावीक गावांत चालू आहे. आमस्टरडॅम त्यात नाही.

कल्पकता वाढते का? लिहिणारे, गाणारे तसं सांगतात.

वाढल्यासारखी वाटते, यात शंका नाही. लायडन विद्यापीठात २०१५ मध्ये नेहमी ओढणाऱ्या ५४ जणांवर प्रयोग झाला: काहींना टीएचसी नसलेली वाफ, काहींना साडेपाच मिलिग्रॅम, काहींना २२. मग रोजच्या वापरातल्या वस्तूचे सुचतील तितके उपयोग सांगायला लावले. साडेपाचवाले आणि काहीच न घेतलेले यांच्यात फरक नव्हता. २२वाले स्पष्टपणे मागे पडले.

रियाजाला बसण्याआधी घेणारे लोक मला माहीत आहेत. आपण सुरात होतो असं त्यांना त्या वेळी वाटतं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकवलं की गप्प बसतात.

छाती धडधडली, वाटलं आता मरतोय. काय झालं आणि काय करायचं?

याला इथे 'ग्रीन आउट' म्हणतात, आपल्याकडची पोरं 'पॅरानॉइया' म्हणतात. जास्त टीएचसी, कमी सवय, सीबीडी नाही. सॅटिव्हा म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात हे वारंवार ऐकू येतं, कारण 'हे हलकं, दिवसाचं' असं समजून लोक जास्त ओढतात.

मात्रेचा खेळ किती बारीक असतो ते शिकागोतल्या २०१७ च्या एका अभ्यासात दिसतं. अनोळखी लोकांसमोर बोलायचा ताण दिलेल्या माणसांत साडेसात मिलिग्रॅमच्या गोळीने ताण कमी केला. साडेबारा मिलिग्रॅमने वाढवला. फरक पाच मिलिग्रॅमचा.

करायचं काय: ओढणं थांबवा, शांत जागी बसवा किंवा कुशीवर झोपवा, पाणी द्या, कुणीतरी सोबत राहा आणि 'हे तासा-दोन तासांत उतरतं' असं साध्या आवाजात सांगत राहा. दारू देऊ नका. ताक-लिंबू देण्याने नशा उतरत नाही, पण द्यायला हरकत नाही, हातात काहीतरी धरलं की माणूस सावरतो. छातीत कळ, शुद्ध हरपणं, झटके, किंवा लहान मुलाने खाल्लेलं असणं, यांत वाट न पाहता अॅम्ब्युलन्स. इथे ११२, भारतातही ११२ किंवा १०८. डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगा.

कुणी अजिबात घेऊ नये?

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल त्यांनी. इथे मी हातचं राखून बोलत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त युरोप आणि ब्राझीलमधला मोठा अभ्यास आला. १० टक्क्यांहून अधिक टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीच्या आजाराचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट होतं. जॅक हेरर १० च्या दुप्पट आहे. आपल्याकडे 'मामाला जरा डोक्याचा त्रास होता' एवढंच सांगून विषय बदलतात, त्यामुळे मुलांना आपल्या घराण्याचा इतिहासच माहीत नसतो. विचारून घ्या.

हृदयाचा त्रास असणारे, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, आणि पंचविशीच्या आतली मुलं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचा परिणाम वाढू शकतो. आणि ज्याला त्या दिवशी गाडी चालवायची आहे तो. नेदरलँड्समध्ये रक्तात लिटरला ३ मायक्रोग्रॅम टीएचसीपेक्षा जास्त सापडलं की गुन्हा, डोकं कितीही साफ वाटत असो.

सवय लागते का?

लागते. सगळ्यांना नाही, पण रोज घेणाऱ्यांत बऱ्याच जणांना. सोडल्यावर पहिला आठवडा चिडचिड, झोप न लागणं, भूक मरणं, घामेजून उठणं, विचित्र स्वप्नं. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना वारंवार उलट्यांचा आजार जडतो. खूण अशी की गरम पाण्याच्या अंघोळीखाली बरं वाटतं, म्हणून माणूस तासन्‌तास न्हाणीघरात बसतो. उपाय एकच: बंद करणं.

युरोपात जॉइंटमध्ये तंबाखू मिसळण्याची पद्धत आहे. अनेकांना सवय लागते ती खरं तर त्या तंबाखूची.

औषध म्हणून चालतो?

चालतो, ठरावीक त्रासांत. नेदरलँड्समध्ये २००३ पासून चिठ्ठीवर मिळतो: मल्टिपल स्क्लेरोसिसमधले पेटके, मज्जातंतूंचं जुनाट दुखणं, केमोथेरपीची मळमळ, टुरेट सिंड्रोम. डॉक्टर सांगतात ते ओढायला नव्हे, वाफेच्या यंत्रातून किंवा चहा करून घ्यायला. चिठ्ठी घेऊन येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांना 'हाय' व्हायचं नसतं, झोपायचं असतं. आणि त्यातल्या काहींना हेच तथाकथित तरतरी आणणारं सॅटिव्हा रात्री दिलं जातं आणि ते झोपतातही.

आपल्याकडचा देशी गांजा सॅटिव्हाच ना?

बाजाराच्या भाषेत, हो. दक्षिण भारतातली जुनी झाडं उंच, अरुंद पानांची, उशिरा फुलणारी. हेझमध्ये दक्षिण भारताचा अंश असल्याचं सांगतात, त्या नात्याने जॅक हेरर आपला लांबचा पाहुणा झाला.

पण महाराष्ट्रात जो पकडला जातो तो मुख्यतः आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरातून आलेला, दाबून विटा केलेला, बिया-काड्यांसकट. काही धुळे जिल्ह्यात शिरपूरकडच्या सातपुड्यातला, तुरी-कापसाच्या आड लावलेला. त्याला वाण म्हणून नाव नसतं. मुंबई-पुण्यात 'जॅक', 'हेझ' असं सांगून जे महाग विकतात ते बरेचदा बँकॉकहून चोरून आलेलं 'हायड्रो', म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा, असतं. मुंबई विमानतळावर ते सतत पकडलं जातं. ते नक्की काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

भारतात कायदा काय सांगतो?

१९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा. झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, दोन्ही बंद. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा मामला राज्यांच्या हाती आहे आणि महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याखाली येते.

गांजा एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण': एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोपेक्षा जास्त 'व्यापारी प्रमाण': १० ते २० वर्षं. नुसता ओढताना सापडलात तरी सहा महिन्यांपर्यंत. व्यसन लागलेल्याने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर कलम ६४अ खाली संरक्षण मिळू शकतं. पालकांना हे कलम माहीत असावं. आमस्टरडॅमची 'आठवण' म्हणून बॅगेत एक ग्रॅम ठेवणं म्हणजे अमली पदार्थ आयात करणं, तिथे हौस-मौज हा शब्द चालत नाही.

परदेशात तरी मोकळं आहे ना?

देशागणिक बघा. नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर नाही, खपवून घेतलेला आहे: १८ च्या पुढे, माणशी ५ ग्रॅम. आमस्टरडॅमच्या जुन्या भागात रस्त्यावर ओढायला मे २०२३ पासून बंदी. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घराबाहेर २५ ग्रॅम बाळगता येतो. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून ३० ग्रॅम. थायलंडने जून २०२२ मध्ये मोकळा केला, जून २०२५ मध्ये फुलांना पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी लावली. जुने व्हिडिओ पाहून फुकेतला जाऊ नका. सिंगापूरमध्ये ५०० ग्रॅमवरच्या व्यापाराला फाशी आहे.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी खास: कॅलिफोर्नियात दुकानातून रीतसर घेतला तरी केंद्राच्या कायद्याने तो अजून गुन्हाच आहे. एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्याने विमानतळावर किंवा नागरिकत्वाच्या मुलाखतीत 'हो, घेतला होता' म्हटलं की प्रकरण अडकू शकतं. राज्याने दिलेली पावती तिथे उपयोगी पडत नाही. असं काही असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला भेटा.

तपासणीत किती दिवस सापडतो?

टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर येतं. एखाद्या वेळी घेतलेला लघवीत साधारण तीन दिवस, रोज घेणाऱ्याचा काही आठवडे, महिनाभरही. केसांच्या तपासणीत त्याहून मागचा. सॅटिव्हा असो की इंडिका, चाचणी एकाच द्रव्याची होते. लिंबूपाणी, व्हिनेगर, 'डिटॉक्स' चहा यांवर पैसे घालवू नका. मर्चंट नेव्हीतली आपली मुलं हा प्रश्न फार विचारतात, कारण रॉटरडॅमला जहाज लागतं आणि शहर तासाभरावर असतं: जहाजावरची चाचणी अचानक होते, आणि कॉफी शॉप डच कायद्याने चालू होतं हे कंपनीला सांगून उपयोग नसतो.